घरात सापडलेली सिरिंज : कायदा काय म्हणतो, आपण काय करावे

कपडे धुण्यापूर्वी खिसे तपासताना वापरलेली सिरिंज, जळून काळी पडलेली ॲल्युमिनियमची पन्नी किंवा तळ करपलेला चमचा हाती लागतो, तेव्हा घरातील माणसांच्या मनात पहिला विचार बहुधा पोलिसांचा येतो. डॉक्टरांचा विचार फार नंतर. वस्तू घाईने कचऱ्यात किंवा नाल्यात टाकली जाते, मुलाला किंवा भावाला खडसावले जाते, आणि बाहेर कोणालाही काही कळू द्यायचे नाही असे ठरते. या भीतीपायी उपचारातील मोलाचे महिने वाया जातात. म्हणून अशा साधनांविषयी आपला कायदा नेमके काय म्हणतो, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा शांतपणे जाणून घ्यावे.

साधन आणि गुन्हा

भारतात या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. बोलीत त्याला ‘एनडीपीएस कायदा’ म्हणतात. अमली पदार्थ बाळगणे, विकणे, त्याची ने-आण करणे आणि त्याचे सेवन करणे हे या कायद्याने गुन्हे ठरवले आहेत. मात्र साधी सिरिंज, सुई, पन्नी किंवा चमचा जवळ असणे हा या कायद्यात स्वतंत्र गुन्हा नाही. मधुमेहाच्या रुग्णाच्या घरी इन्सुलिनच्या सिरिंजा असतात, त्या बाळगण्यास कोणाच्या परवानगीची गरज नसते.

याचा अर्थ साधनाकडे कायदा पाहतच नाही, असा मात्र नाही. गुन्हा घडला असेल तर ज्या साहित्याने, उपकरणाने किंवा भांड्याने तो घडला ते कलम ६० नुसार सरकारजमा होऊ शकते. सिरिंजमध्ये किंवा पन्नीवर पदार्थाचा अंश शिल्लक असेल, तर तो पुरावा म्हणून तपासला जाऊ शकतो. कलम ५४ त्याहून कडक आहे. अमली पदार्थ तयार करण्यासाठी खास घडवलेले उपकरण किंवा त्यासाठी खास जुळवलेली भांडी एखाद्याजवळ सापडली आणि त्याला समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर त्याने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरू शकते. हे कलम पदार्थ बनवण्याच्या साधनांविषयी आहे, सेवनाच्या साधनांविषयी नाही. ऐकीव माहितीत हा भेद नेहमी पुसला जातो.

सेवनाची शिक्षा कलम २७ मध्ये दिली आहे. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन आणि अधिसूचित केलेल्या अन्य काही पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘ब्राऊन शुगर’ या नावाने जे विकले जाते ते अशुद्ध हेरॉइनच होय.

घरमालकांनी आणि खोली भाड्याने देणाऱ्यांनी कलम २५ लक्षात ठेवावे. आपल्या ताब्यातील जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू दिल्यास त्या गुन्ह्याचीच शिक्षा जागा देणाऱ्यालाही होऊ शकते. हे वाचून अनेक आईवडील धास्तावतात. येथे कलमातील ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आजारी मुलाला उपचारासाठी नेणारे पालक त्याच्या सेवनाला जागा देत आहेत, असे म्हणणे कठीण आहे. उलट सारे माहीत असूनही दार लावून गप्प बसण्यानेच अडचणी वाढतात.

परदेशातील ऐकीव गोष्टी

‘नुसती सुई सापडली तरी अटक होते’ हे वाक्य अनेकांनी चित्रपटांतून किंवा परदेशी असलेल्या नातेवाइकांकडून ऐकलेले असते. अमेरिकेच्या संदर्भात ते निराधार नाही. तेथील केंद्रीय अमली पदार्थ अंमलबजावणी यंत्रणेने १९७९ मध्ये सेवनाच्या साधनांवर बंदी घालणाऱ्या कायद्याचा नमुना तयार केला आणि बहुतेक राज्यांनी त्या धर्तीवर आपापले कायदे केले. सुई जवळ बाळगणे धोक्याचे झाले, पण व्यसन थांबले नाही. लोक एकमेकांच्या सुया वापरू लागले. इंडियाना राज्यातील स्कॉट या लहानशा परगण्यात २०१५ मध्ये एचआयव्हीची अशी साथ पसरली की, १८० हून अधिक लोकांना संसर्ग झाला. त्या राज्यात तोवर सुया बदलून देणारी केंद्रे चालवण्यास कायद्याची मुभा नव्हती. राज्यपालांना आणीबाणी जाहीर करून ती द्यावी लागली. अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनी तेथील राज्याचा कायदा स्वतंत्रपणे जाणून घ्यावा. त्या कायद्याची भीती येथील घरात आणू नये.

स्वच्छ सुईला कायद्याचे संरक्षण

भारताने या बाबतीत वेगळी वाट धरली आहे, आणि दुर्दैवाने ती फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईवाटे अमली पदार्थ घेतात. एकच सुई अनेकांनी वापरल्याने एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे तिन्ही विषाणू रक्तातून रक्तात जातात. प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के असताना, सुईवाटे नशा करणाऱ्यांमध्ये ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ९ टक्के आढळले. यांतील अनेकजण विवाहित आहेत, हे घरातील स्त्रियांच्या दृष्टीने विसरता येणार नाही.

म्हणूनच एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ मध्ये कलम २२ घालण्यात आले. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी जे उपाय केले जातात ते, अन्य कोणत्याही कायद्यात काहीही म्हटले असले तरी, गुन्हा ठरत नाहीत. कायद्याने याचे उदाहरणही दिले आहे. नोंदणीकृत केंद्रातील कार्यकर्ता वापरलेली सुई परत घेऊन स्वच्छ सुई देतो, तेव्हा देणारा आणि घेणारा या दोघांपैकी कोणावरही कारवाई होऊ शकत नाही आणि त्यांना अडवताही येत नाही. सुईऐवजी जिभेखाली ठेवण्याच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या किंवा मेथाडोन देऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली केल्या जाणाऱ्या उपचारालाही हेच संरक्षण आहे. हे संरक्षण केंद्राच्या कामापुरते आहे. अमली पदार्थ बाळगण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

‘सुया वाटणे म्हणजे व्यसनाला उत्तेजन’ असा आक्षेप अनेकजण प्रामाणिकपणे घेतात. प्रत्यक्षात अशा केंद्रावर सुईसाठी आलेल्या माणसाची रक्ततपासणी होते, जखमांवर मलमपट्टी होते आणि त्याला उपचाराची वाट दाखवली जाते. अन्य कोणत्याही दवाखान्याची पायरी न चढणारा रुग्ण येथे येतो.

उपचार घेणाऱ्याविषयी कायदा

एनडीपीएस कायद्यातील कलम ६४-अ प्रत्येक कुटुंबाने माहीत करून घ्यावे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेली व्यसनग्रस्त व्यक्ती स्वेच्छेने सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा सरकारमान्य रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवला जात नाही. हेरॉइनच्या बाबतीत ५ ग्रॅम, चरसच्या बाबतीत १०० ग्रॅम आणि गांजाच्या बाबतीत १ किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ मानले जाते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. त्यामुळे नोंदणीचा केसपेपर, तपासणीच्या तारखा आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये जपून ठेवाव्यात. विक्री करणाऱ्याला हे कलम लागू नाही. दोष सिद्ध झाल्यानंतरही कलम ३९ नुसार न्यायालय शिक्षा देण्याऐवजी उपचारासाठी मुक्त करण्याचा विचार करू शकते.

डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट बाहेर जाईल का, ही शंका स्वाभाविक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश ‘मानसिक आजार’ या संज्ञेत केला आहे आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

घरी तातडीने काय करावे

सापडलेली सुई उघड्या हाताने उचलू नये आणि तिला पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचण्याचे प्रसंग टोपण लावतानाच अधिक घडतात. चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत ठेवावी. वापरलेल्या सुया हा घरगुती घातक कचरा आहे. तो ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्यावा, अथवा जवळच्या दवाखान्यात चौकशी करावी. घंटागाडीवरील कामगाराचा हात आपल्या पिशवीत जातो, याची जाणीव असावी. सुई टोचलीच, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, रक्त पिळून काढू नये आणि तातडीने सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्य तर दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

सिरिंजऐवजी पदार्थच सापडला, तर तो दुसऱ्याकडे सोपवू नये, घेऊन फिरू नये. वकिलाचा सल्ला घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि अटकेत असलेल्या व्यक्तीला हा सल्ला विनामूल्य मिळतो. दूरध्वनी १५१००.

व्यक्ती बेशुद्ध असेल, श्वास अतिशय मंद झाला असेल, ओठ निळसर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर १०८ किंवा ११२ वर फोन करून तिला कुशीवर वळवावे. जवळ पडलेली सिरिंज लपवण्यात वेळ घालवू नये. काय घेतले हे डॉक्टरांना कळले तर नॅलोक्सोन हा उतारा वेळेवर देता येतो. काही आठवडे पदार्थ बंद ठेवून पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर मृत्यूचा धोका फार वाढतो. खोलीत कोंडून ‘सोडवलेली’ मुले नंतर दगावतात ती बहुधा याच कारणाने.

ई-सिगारेटची गोष्ट निराळी. येथे साधनच निषिद्ध आहे. २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर बंदी घातली आहे; विक्रीसाठी पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, साठवणीसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. काही ई-सिगारेटी पेनसारख्या किंवा पेनड्राइव्हसारख्या दिसतात, म्हणून पालकांनी ती वस्तू ओळखावी आणि घरात ठेवू नये.

व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७ हे निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहेत. रुग्ण स्वतः बोलण्यास तयार नसेल, तर घरातील कोणीही फोन करू शकते.