फौजी बटण कसे ओळखावे?

पणजोबा महार रेजिमेंटात होते. ही पलटण १९४१ साली बेळगावला उभी झाली. त्यांच्या पेटीत तीन बटणे निघाली. फौजेची की लग्नातल्या बँडवाल्याच्या कोटाची? दिसतात सारखीच!

आधी लोहचुंबक लावा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. पण बँडवाल्याचंही बटण पितळी असू शकते. मग चिन्ह पाहा. खऱ्यावरचे ठसठशीत, नकलीवरचे बहुदा पुसट. मागे कडी दोन्हींना असते, तिच्यावर भरवसा नाही. कडीभोवती बनवणाऱ्याचे नाव असले तर वाचा. राजमुकुट इंग्रजांच्या काळचा. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला, मग मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले.

आमच्या एका बटणावर मुकुट आहे. आजी म्हणे, "भंगारवाल्याले देऊन टाक." म्या नाई देलं. राखेने घासू मात्र नका, अक्षरे झिजतात.