परसातील कोंबड्या : टोचाटोचीची सवय आणि रोगाची चाहूल

परसातील 8-10 कोंबड्यांच्या कळपात एखादी कोंबडी कोपऱ्यात अंग चोरून बसते, दाण्याजवळ येत नाही, तिची पाठ उघडी पडते. अशा वेळी ती मार खाल्ल्यामुळे अशक्त झाली आहे, की आजारी असल्यामुळे मार खात आहे, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते. निदान चुकल्यास एका कोंबडीचे दुखणे संपूर्ण कळपाचे होऊ शकते.

कळपातील उतरंड

कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉरलीफ श्येल्डरूप-एब्बे यांनी 1920 च्या दशकाच्या आरंभी तिचे शास्त्रीय वर्णन केले. वरच्या क्रमांकाची कोंबडी खालच्या क्रमांकाच्या कोंबडीला टोचते. क्रम निश्चित झाल्यावर कळप शांत होतो. त्यामुळे अधूनमधून चोच मारणे हा दोष नव्हे. मात्र रक्त निघेपर्यंत टोचणे, शेपटीजवळची पिसे उपटणे किंवा गुदद्वारावर चोच मारणे ही विकृती आहे. अपुरी जागा, प्रखर उजेड, खाद्यातील प्रथिने व मीठ यांची कमतरता, एकच दाणाभांडे आणि उवा-पिसवांचा उपद्रव ही तिची प्रमुख कारणे होत.

उपाय

- जखमी कोंबडी त्वरित वेगळी करावी. रक्ताचा लाल रंग इतर कोंबड्यांना आकर्षित करतो.
- जखम पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणाने धुवावी.
- दाणा-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. हिरवा पाला उंचावर टांगावा, म्हणजे कोंबड्या गुंतून राहतात.
- त्रास देणारी कोंबडी एकच असल्यास तिलाच काही दिवस दूर ठेवावे. परतल्यावर तिचा पूर्वीचा वरचष्मा बहुधा राहत नाही.
- बरी झालेली कोंबडी प्रथम जाळीआड, इतरांच्या नजरेसमोर ठेवावी व नंतर रात्रीच्या वेळी कळपात सोडावी.
- परसात चरणाऱ्या कोंबड्यांची चोच कापू नये; किडे व दाणे वेचण्यास तीच त्यांचे साधन असते.

रोग कसा ओळखावा?

मार खाणारी कोंबडी वेगळी केल्यावर सहसा लगेच दाणा खाऊ लागते; आजारी कोंबडी एकांतातही मलूल राहते. तुऱ्यावरील खपल्या नेहमीच चोचीच्या नसतात. त्या देवी रोगाच्याही असू शकतात. हा रोग डासांमुळे पसरतो आणि टोचल्याच्या जखमेतूनही त्याचा विषाणू शिरतो. हिरवट हगवण, धाप, मान वाकडी होणे ही मानमोडीची (राणीखेत) लक्षणे आहेत. तिच्यावर औषध नाही. लसीकरण हाच उपाय आहे. पिलांना 5 ते 7 व्या दिवशी लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने द्यावी, तर आर-2-बी लस सुमारे 8 व्या आठवड्यात टोचावी. रक्तमिश्रित विष्ठा पिलांमधील रक्ती हगवणीचा इशारा देते. तेव्हा ओले तूस त्वरित बदलावे.

विक्री नव्हे, सूचना

कोंबडी आजारी दिसताच ती आठवडी बाजारात विकण्याची घाई अनेकदा केली जाते. त्यातून रोग गावोगाव पोहोचतो. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्या. त्याच सुमारास दिल्लीतील मृत कावळ्यांत व बदकांतही हा रोग आढळला. म्हणजे खेड्यातील परस असो वा लक्ष्मीबाई नगरसारखी शहरी वसाहत, धोका दोन्हीकडे सारखाच असतो.

अचानक मरतूक होणे, डोके सुजणे, तुरा व गलोल निळसर पडणे ही लक्षणे दिसल्यास मृत पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, ते नाल्यात टाकू नयेत व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. नवीन कोंबड्या किमान 3 आठवडे स्वतंत्र ठेवाव्यात. त्यामुळे रोग दूर राहतो आणि जुन्या कळपाशी होणारा संघर्षही सौम्य होतो. रोज सकाळी खुराडे उघडताना प्रत्येक कोंबडीकडे क्षणभर लक्षपूर्वक पाहण्याची सवय कुटुंबाच्या अंड्यांच्या उत्पन्नाचे मोठे नुकसान टाळू शकते.