फाईल पेटीच्या तळाशी ठेवू नका

आयांनो, बाबांनो, लेकराच्या कॅन्सरच्या दिवसांत तुम्ही काय सोसलंत ते तुम्हाला मी काय सांगणार? बारी, घोटी, कसारा करत परळ गाठायचं, मागे शेत आणि जनावरं शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकायची. अखेर डॉक्टरांनी औषधं बंद केली आणि तुम्ही ती जाडजूड फाईल पिशवीत गुंडाळून पेटीत ठेवलीत. ती आज बाहेर काढा, एवढं मागायला हे लिहितेय.

त्यात रेडिएशनचा कागद शोधा. शेक, लाईट, काहीही म्हणा. तो शरीराच्या कुठल्या भागाला, किती ग्रे (हे किरणांच्या डोसचं माप) आणि कधी दिला, हे त्यावर असतं. सापडला नाही तर जिथे उपचार झाले तिथून नक्कल मागून घ्या.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे पिच्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. उंची, थायरॉइड, पाळी, आजारपणात तग धरायला लागणारं कॉर्टिसॉल, या सगळ्यांची सूत्रं तिच्याकडे. डोक्याला साधारण 18 ग्रे किंवा जास्त लाईट दिला असेल, तर बहुधा सगळ्यात आधी वाढीचं हार्मोन कमी पडतं. डोस 30 च्या वर गेला असेल, तर बाकीची हार्मोन्सही घटू शकतात. आणि हे उपचारानंतर कित्येक वर्षांनीही होतं. तोवर पोर शाळेत जातंय, खेळतंय. मग कुणाच्या मनात शंका तरी कशी येणार?

वयाच्या चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वाढ वर्षाला चार सेंटिमीटरच्या खाली आली तर डॉक्टरांना दाखवा. पण इथे एक फसवी गोष्ट आहे. डोक्याला लाईट मिळालेली काही मुलं, विशेषतः मुली, लवकर वयात येतात. मग उंची भराभर वाढते. घरात सगळे खूश, पोरगी कशी ताडमाड होतेय! प्रत्यक्षात हाडांची टोकं वेळेआधी बंद होत असतात आणि वाढ मध्येच थांबते. म्हणून आठ वर्षांच्या आत मुलीची छाती भरू लागली, किंवा नऊच्या आत मुलगा वयात येऊ लागला, तर लाजून गप्प बसू नका. उंची दर सहा महिन्यांनी मोजा. मूल आश्रमशाळेत असेल तर गुरुजींना सांगून ठेवा, वहीत तारखेसकट लिहा.

मानेला लाईट दिला असेल तर थायरॉइडकडे लक्ष हवं. दुखावलेली ग्रंथी वर्षानुवर्षं कसंबसं काम रेटते, आणि पिच्युटरी टीएसएच वाढवून तिला पिटाळत राहते. त्यामुळे रक्तात टीएसएच आधी चढतं. सुस्ती, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं मागून येतं. पोराला आळशी म्हणण्याआधी टीएसएच आणि फ्री टी-फोर तपासा. दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा कराच. डोक्याला लाईट मिळालेल्यांमध्ये टीएसएच नुसतं बघून भागत नाही, कारण तिथे पिच्युटरीच थकलेली असू शकते. अशा मुलाला थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी कॉर्टिसॉलही बघायला हवं. डॉक्टरांना आठवण करून द्यायला अजिबात संकोचू नका.

मानेत गाठ लागते का, तेही दरवर्षी दाखवा, कारण लहानपणी थायरॉइडला किरण लागले तर तिथे पुढे कॅन्सर होऊ शकतो. 1986 मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सारी आयोडीन गवतातून दुधात आणि दुधातून लहान मुलांच्या थायरॉइडमध्ये गेलं. कॅन्सर दिसू लागले ते साधारण चार वर्षांनी. 2005 पर्यंत त्या वेळच्या मुलांमध्ये सहा हजारांहून जास्त रुग्ण सापडले. पण वेळेवर सापडला तर हा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो.

हे वाचून हात मोडलेल्या पोराचा एक्स-रे मात्र टाळू नका. त्यातले किरण उपचाराच्या मानाने हजारो पटींनी कमी असतात.

परळच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळा बाह्यरुग्ण विभाग आहे. उपचार तिथे झाले असतील तर बोलावलेली तारीख चुकवू नका. भातलावणीचे दिवस असले तर तारीख पुढे मागून घ्या, सोडून देऊ नका.

आणि लेकीचं लग्न ठरताना फाईल लपवली जाते, ते दुःख मला कळतं. सोयरीक मोडेल ही भीती खोटी नाही. पण तिचं थायरॉइड कमी असेल आणि दिवस राहिल्यावर कुणी ते तपासलंच नाही, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. मूल व्हायला अडचण आली तर डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील की डोक्याला किंवा ओटीपोटाला लाईट दिला होता का. निदान तिला स्वतःला सगळं ठाऊक असू द्या. ती शहाणी झाली की शेजारी बसवून कागद वाचून दाखवा, आणि सासरी जाताना त्याची एक प्रत तिच्या सामानात घाला.