उतरलेली बॅटरी आणि अडलेली मोटार

मोटारीचे यंत्र कितीही सुस्थितीत असले, तरी ते पहिल्यांदा फिरवून देण्यासाठी बाहेरची शक्ती लागते. ही शक्ती बॅटरी पुरविते. ती उतरली की टाकीत इंधन असूनही गाडी जागची हलत नाही. रात्री-अपरात्री रुग्णास तालुक्याच्या गावी न्यावयाचे असता जीप अशी अडली, तर काय प्रसंग ओढवतो, हे ग्रामीण भागातील वाचकांस सांगावयास नको. अशा वेळी घाईने चुकीच्या तारा जोडल्यास गाडीपेक्षा माणसालाच अधिक इजा होण्याचा संभव असतो. म्हणून या विषयाची थोडी शास्त्रीय माहिती प्रत्येक वाहनचालकास असणे आवश्यक आहे.

उदाहरणासाठी एक ठिकाण घेऊ. महाकालेश्वराच्या दर्शनासाठी आपल्या राज्यातून उज्जैनला जाणाऱ्या मंडळींची संख्या मोठी आहे. खानदेश व नाशिककडील गाड्या धुळे, सेंधवा, इंदूर या मार्गाने तेथे पोचतात. २०१६ मध्ये तेथे सिंहस्थ भरला होता व यापुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. उज्जैनमध्ये रेल्वेमार्गाच्या एका बाजूस जुने शहर व मंदिर आहे, तर दुसऱ्या बाजूस फ्रीगंज हा नव्या वसाहतीचा भाग आहे. फ्रीगंजमधील टावर चौक तेथील घड्याळाच्या मनोऱ्यामुळे सर्वांस परिचित आहे. सायंकाळी येथे खाद्यपदार्थांच्या गाड्यांभोवती चांगलीच वर्दळ असते. समजा, एखादे कुटुंब आपली मोटार या चौकाजवळ उभी करून दर्शनास गेले, परंतु पुढचे मोठे दिवे चालूच राहिले. चार तासांनी परत येऊन किल्ली फिरवावी, तर केवळ ‘टिक्-टिक्’ असा आवाज येतो आणि समोरचे दिवे काजव्यासारखे मिणमिणतात. येथे काय घडले?

मोटारीच्या सामान्य बॅटरीत ६ घट असतात. प्रत्येक घटाचा विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट असल्याने पूर्ण भारित बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दाखविते. घटात शिशाची व शिशाच्या डायऑक्साइडची पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडालेली असतात. वीज खर्च होऊ लागली की दोन्ही प्रकारच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो व आम्ल पातळ होत जाते. प्रभारणाच्या वेळी याच्या उलट क्रिया घडते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये असा घट प्रथम तयार केला. त्यानंतर रचनेत सुधारणा झाल्या, तरी मूळ तत्त्व आजही तेच आहे. दाब १२ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी जवळजवळ उतरली असे समजावे. उतरलेल्या स्थितीत ती आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यास सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात व मग ती पूर्ववत भरत नाही.

शिक्षकांना वर्गात घेता येईल असा एक हिशोब येथे देतो. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ६० वॅटचे धरल्यास १२० वॅटला १२ व्होल्टने भागून १० अँपिअर प्रवाह येतो. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर साडेतीन तासांत ती रिकामी होईल. आतला ५ वॅटचा दिवा ०.४ अँपिअरच घेतो. तोही साडेतीन दिवसांत हेच करतो. याउलट स्टार्टर १५० अँपिअर इतका प्रचंड प्रवाह घेत असला, तरी तो तीन सेकंदच चालतो आणि त्यात अवघा एक अष्टमांश अँपिअर-तास खर्च होतो. म्हणजे बॅटरी उतरविण्याचा दोष बहुधा स्टार्टरकडे नसून विसरलेल्या दिव्याकडे असतो. थंडीच्या पहाटे गाडी सुरू झाली नाही की लोक थंडीला बोल लावतात. थंडीने बॅटरीची ताकद कमी होते हे खरे. परंतु तिची झीज आधीच्या उन्हाळ्यात झालेली असते आणि थंडीत ती उघडकीस येते, एवढेच.

प्रथम निदान करावे. दिवे मंद व स्टार्टर गप्प असेल, तर बॅटरी उतरली आहे. दिवे लख्ख असून स्टार्टर फिरत नसेल, तर बॅटरीच्या टर्मिनलवरील पकड सैल झाली आहे किंवा तेथे पांढरा-हिरवा क्षार साचला आहे काय, हे पाहावे. पुष्कळदा पकड आवळल्यानेच काम होते. स्टार्टर जोमाने फिरत असूनही यंत्र पेट घेत नसेल, तर बॅटरी निर्दोष आहे. अशा वेळी दुसऱ्या गाडीची मदत घेऊन काहीच साधणार नाही.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना तिचा विद्युतदाब सारखाच आहे याची खात्री करून घ्यावी. मोटार, जीप व बहुतेक ट्रॅक्टर यांची व्यवस्था १२ व्होल्टची असते. परंतु मोठ्या मालमोटारी व बसगाड्या यांत दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट दाब घेतलेला असतो. तो १२ व्होल्टच्या गाडीस देऊ नये. जोडणीच्या तारा जाड हव्यात. पेट्रोल मोटारीसाठी तांब्याचा छेद निदान १६ चौरस मिलिमीटर व मोठ्या डिझेल गाडीसाठी २५ चौरस मिलिमीटर असावा. घरगुती वायर वापरल्यास ती तापून तिचे वेष्टन वितळेल.

दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकतील अशा जवळ उभ्या कराव्या, हातब्रेक लावावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा व दोन्ही यंत्रे बंद करावी. लाल तारेचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला व दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला जोडावे. त्यानंतर काळ्या तारेचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावावे. राहिलेले चौथे टोक मात्र उतरलेल्या बॅटरीला लावू नये. ते त्या गाडीच्या यंत्राच्या रंग नसलेल्या जाड धातूच्या भागास, बॅटरीपासून दूर, जोडावे.

हे चौथे टोक दूर लावण्यामागील कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण सर्वांत अधिक अपघात येथेच होतात. बॅटरी भरली जात असता तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी तो ठिणगीने पेट घेऊ शकतो. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडतेच. ती बॅटरीच्या तोंडाशी उडाली, तर बॅटरी फुटून आम्ल चेहऱ्यावर उडू शकते. याच कारणास्तव आत पाणी किती आहे हे पाहण्यासाठी काडी पेटविणे किंवा विडी ओढत बॅटरीवर वाकणे हे जिवाशी खेळणे आहे. आम्ल डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे सतत धुवावे व तत्काळ डॉक्टरांकडे जावे. फुगलेल्या वा तडा गेलेल्या बॅटरीला तर तार जोडूच नये.

जोडणी झाल्यावर चांगली गाडी सुरू करून चार-पाच मिनिटे चालू द्यावी व नंतर बंद गाडीची किल्ली फिरवावी. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये. मध्ये थोडी विश्रांती द्यावी. गाडी सुरू झाली की तारा ज्या क्रमाने लावल्या, त्याच्या उलट क्रमाने काढाव्या. सुटी टोके एकमेकांस किंवा गाडीच्या धातूला लागू देऊ नयेत.

तारा नसल्या तर धक्का मारण्याची आपली जुनी रीत आहेच. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत किल्ली चालू ठेवून, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून धरावा. गाडीने वेग घेताच क्लच झटक्याने सोडावा व यंत्र पेटताच पुन्हा दाबावा. परंतु यंत्र बंद असता सुकाणू जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत लवकरच नाहीशी होते. म्हणून टावर चौकासारख्या वर्दळीच्या ठिकाणी, लहान मुले व वृद्ध आजूबाजूस असता, हा प्रयोग करू नये. मोकळा रस्ता गाठावा. स्वयंचलित गिअरची गाडी या रीतीने सुरू होत नाही. नव्या गाड्यांत इंधनाचा पंप व नियंत्रक हेही विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरी पूर्णच रिती असेल तर दहा माणसांचा धक्काही व्यर्थ जातो. जुन्या अँबॅसडर व फियाट गाड्यांना लोखंडी हँडल मारण्याची सोय असे. हँडल उलट फिरून मनगट मोडू नये म्हणून अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, अशी शिकवण त्या काळी चालकांना दिली जात असे. विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसविला गेला आणि पुढे हे हँडल हळूहळू मागे पडले. विजेवर चालणाऱ्या मोटारीतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते. परंतु तिच्यासाठी व संकरित गाडीसाठी निर्मात्याच्या पुस्तिकेतील सूचनाच पाळाव्या.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली, अशी पुष्कळांची समजूत आढळते. अल्टरनेटरकडून बॅटरीला सरासरी १० अँपिअर मिळाले, तरी ३० अँपिअर-तासांची तूट भरून निघण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागेल. उज्जैन ते इंदूर हे सुमारे ५५ किलोमीटरचे अंतर तासाभरात काटले, तर तेथे पोचेपर्यंत जेमतेम एक तृतीयांश भरणा झालेला असेल. तेव्हा इंदूरला चहासाठी गाडी बंद करण्यापूर्वी याचा विचार करावा. मुक्कामी पोचल्यावर बॅटरी दुकानात देऊन सावकाश भरून घेणे उत्तम. काही कारागीर अल्टरनेटर चालतो की नाही हे पाहण्यासाठी चालू गाडीच्या बॅटरीची तार काढतात. आजच्या गाड्यांत त्यामुळे दाब एकाएकी वाढून नाजूक विद्युत भाग जळू शकतात. असे करू देऊ नये.

झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास महिन्यातून एकदा पातळी पाहून ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. विहिरीचे वा नळाचे पाणी त्यातील क्षारांमुळे चालत नाही. टर्मिनलवरील क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. कार्यालयांच्या वाहनांबाबत बॅटरी बसविल्याची तारीख नोंदवहीत लिहिलेली असावी. तीन वर्षे उलटल्यावर लांबच्या दौऱ्यापूर्वी ती तपासून घ्यावी. निकामी झालेली बॅटरी घरामागे फोडून शिसे काढणे अत्यंत घातक आहे, कारण ते शिसे माती व पाणी यांतून लहान मुलांच्या पोटात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी योग्य त्या ठिकाणीच सोपवावयाची असते. नवी घेताना ती विक्रेत्याकडे परत द्यावी व किमतीत मिळणारी सूट मागून घ्यावी.