पदवीपूर्व शिक्षणातील विषयांची निवड : चार जड विषय पेलतील काय?

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील कित्येक मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला वा मुलीला बऱ्यापैकी गुण मिळालेले असतात; विज्ञान शाखेस जावयाचे, एवढे निश्चित झालेले असते. मग शेजारी, आप्त, गावातील जाणती मंडळी सल्ला देतात, ‘गणितही असू द्या, जीवशास्त्रही असू द्या, पुढे कोणताही दरवाजा बंद व्हावयास नको.’ हा सल्ला सद्भावनेचा असला तरी सर्वांना सारखा लागू पडत नाही. त्याचा शांतपणे विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषयांची रचना

कर्नाटकात अकरावी व बारावी मिळून दोन वर्षांचा पदवीपूर्व अभ्यासक्रम आहे. त्यात दोन भाषा व चार ऐच्छिक विषय असतात. प्रत्येकी १०० याप्रमाणे एकूण गुण ६०० होतात. भाषांमध्ये मराठी घेण्याची तरतूद आहे. ऐच्छिक विषयांची संख्या ठरलेलीच असल्यामुळे विषय किती घ्यावयाचे हा प्रश्न उरत नाही. त्या चारांपैकी किती विषय जड असावेत, हा खरा प्रश्न होय.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र हा गट ‘पीसीएमबी’ या नावाने ओळखला जातो. जीवशास्त्राऐवजी संगणकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स असलेले गटही आहेत. पहिल्या गटातील चारही विषय स्वतंत्र व विस्तृत आहेत. संख्याशास्त्र घेतल्यास गणिताचा अभ्यास तेथे काही अंशी उपयोगी पडतो. जीवशास्त्रात मात्र शेकडो नवी नावे, आकृत्या आणि प्रयोगांची आणखी एक वही यांची भर पडते.

कोणत्या दारास कोणती किल्ली?

प्रत्येक दारास चारही किल्ल्या लागतात, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही.

१. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेत २०२५ साली १८० प्रश्न व ७२० गुण होते. त्यांपैकी भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न होते. गणिताचा त्यात समावेश नाही.

२. अभियांत्रिकीसाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत (सीईटी) भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचे प्रत्येकी ६० गुण विचारात घेतले जातात. येथे जीवशास्त्राची गरज नाही.

३. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसाठी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय पुरतो.

४. सैन्यदलाची परंपरा असलेल्या आपल्या भागात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची ओढ अनेकांना असते. तेथील भूदलासाठी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी पात्र ठरतो. नौदल व वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक आहे. लेखी परीक्षेत मात्र गणिताचे ३०० गुण सर्वांसाठीच असतात.

कृषी व तत्सम अभ्यासक्रमांच्या अटी त्या त्या वर्षाच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत पाहाव्यात. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

जादा ओझ्याची किंमत

अभियांत्रिकीच्या गुणवत्ताक्रमात सीईटीचे गुण व बारावीतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताचे गुण यांना समान महत्त्व आहे. म्हणून केवळ ‘असू द्या’ म्हणून घेतलेल्या जीवशास्त्रापायी गणितातील दहा गुण गमावले, तर ते नुकसान थेट क्रमांकावर दिसते. उघडे ठेवलेले एक दार दुसऱ्या दाराची वाट अरुंद करते, ती अशी.

आता खेड्यातून शहरात ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहू. झोप ७ तास, महाविद्यालय ६ तास, बसची वाट पाहणे व प्रवास अडीच तास, स्नान, भोजन आणि घरातील वा शेतातील कामे ४ तास. उरले साडेचार तास. सहा विषयांत ते वाटले असता प्रत्येकास ४५ मिनिटे येतात. तेवढ्यात गणिताचे एखादे उदाहरणसंग्रह कसेबसे पुरे होईल. प्रवेशपरीक्षेच्या सरावाला वेळ कोठून आणावयाचा? मुलगी असेल तर घरकामाचा वाटा बहुधा अधिकच असतो. हा हिशेब पालकांनी मुलांसमवेत बसून स्वतःच्या घराच्या आकड्यांनी करावा.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक चढण असते. विज्ञानाचे अध्यापन अकरावीपासून इंग्रजीतून सुरू होते. त्वरण म्हणजे ‘अ‍ॅक्सिलरेशन’, संवेग म्हणजे ‘मोमेंटम’, प्रकाशसंश्लेषण म्हणजे ‘फोटोसिंथेसिस’ हे ठाऊक नसल्यामुळे हुशार मूलही पहिल्या सहामाहीत मागे पडते व स्वतःस मंद समजू लागते. वस्तुतः अडचण भाषेची असते, बुद्धीची नव्हे. अकरावीस प्रवेश घेण्यापूर्वी मिळणाऱ्या सुटीत दोन रकान्यांची शब्दवही तयार करावी. दहावीच्या शिक्षकांनी या कामी साहाय्य केल्यास मोठे उपकार होतील.

निर्णय कसा घ्यावा?

ज्यास अभियांत्रिकीकडेच जावयाचे आहे, त्याने जीवशास्त्राचा मोह टाळावा. ज्यास वैद्यकीय, परिचर्या वा जीवविज्ञानाची खरी आवड आहे, त्याने गणित वगळून जीवशास्त्र देणारा गट जवळपास आहे काय, याची चौकशी करावी. असा गट सर्वत्र मिळत नाही. तेव्हा चारही विषय घेणे भाग पडते. अशा वेळी एक नियम पाळावा : विषय चार, पण प्रवेशपरीक्षा एक. ‘नीट’च्या पात्रतेसाठी सर्वसाधारण प्रवर्गास बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात मिळून ५० टक्के गुण लागतात. गणित नीट उत्तीर्ण होण्याइतके सांभाळावे; मुख्य शक्ती इतर तिहींवर खर्चावी.

दहावीत गणित व विज्ञान दोन्ही सहज पेलले, प्रवास थोडा आहे आणि दोन्हींची मनापासून गोडी आहे, अशा विद्यार्थ्याने चारही विषय अवश्य घ्यावेत. गोडी असेल तेथे ओझे जाणवत नाही. प्रवेश घेताना मात्र, पहिल्या काही आठवड्यांत गट बदलता येईल काय, हे प्राचार्यांना विचारून ठेवावे.

चूक झालीच तरी सर्व काही संपत नाही. बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण होणाऱ्यांस ‘नीट’ला बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. कर्नाटकात २०२४ पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा बारावीची परीक्षा देऊन गुण सुधारण्याचीही सोय झाली. तेव्हा सोळाव्या वर्षीच सारे दरवाजे उघडे ठेवण्याच्या भीतीपोटी मुलांवर भार लादण्याचे कारण नाही.

मुख्याध्यापकांनी निकालानंतर पालकांची एक बैठक बोलवावी व वरील गोष्टी त्यांच्यापुढे मांडाव्यात. पालकांनी शेजाऱ्याच्या मुलाचा गट न विचारता आपल्या मुलास दोन प्रश्न विचारावेत : ‘तुला काय शिकावेसे वाटते? आणि कोणत्या विषयाची तुला धास्ती वाटते?’ या दोन उत्तरांत निवडीचा बहुतेक निर्णय दडलेला असतो. बैलाची ताकद पाहूनच गाडीत माल भरावा, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तोच विवेक त्याने आपल्या लेकरांच्या शिक्षणातही वापरावा.