‘निघालो’ म्हणजे नक्की काय?
(धावपट्टीवरच्या संवादातून शिकण्यासारखं काही)



विमान अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आकाश येतं. इंजिन बंद पडलं, विमान वादळात सापडलं, डोंगरावर आदळलं, असं काहीतरी. पण विमान वाहतुकीच्या इतिहासात ज्या एका अपघातात सर्वांत जास्त प्रवासी दगावले, तो जमिनीवर घडला. दोन्ही विमानं ठणठणीत होती. बिघाड होता तो बोलण्या-ऐकण्यात. हा विषय सिव्हिलपासून ई अँड टीसीपर्यंत सगळ्यांच्याच कामाचा आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडी ओळख

पार्किंगच्या जागेपासून धावपट्टीपर्यंत विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर जमिनीवरून चालत जातं, त्याला टॅक्सीइंग म्हणतात. ज्या रस्त्यांवरून जातं ते टॅक्सीवे. त्यांना अक्षरं आणि आकडे दिलेले असतात. कुठल्या रस्त्याने जायचं आणि धावपट्टीच्या अलीकडे कुठे थांबायचं, हे कंट्रोलर रेडिओवरून सांगतो. मुंबईसारख्या विमानतळावर तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, तेव्हा ‘अलीकडे थांब’ या सूचनेला किती महत्त्व असेल याचा विचार करा.

हा रेडिओ साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि त्यात आजही आपलं जुनं एएम मॉड्युलेशन वापरतात. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघे एकदम बोलले तर काय होतं ते पुढे येईलच.

घटना पहिली : टेनेरिफ, २७ मार्च १९७७

स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या लास पाल्मास विमानतळावर बाँबस्फोट झाला, म्हणून बरीच विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस या लहान विमानतळावर वळवली. त्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जंबो जेट होती. विमानांच्या गर्दीने टॅक्सीवे अडला होता, त्यामुळे टोकाला जायचं तर धावपट्टीवरूनच चालत जावं लागत होतं. वरून ढग खाली उतरले. टॉवरला विमानं दिसेनात आणि विमानांना एकमेकं दिसेनात. जमिनीवर नजर ठेवणारं रडार तिथे नव्हतं. उरला फक्त आवाज.

केएलएमचं विमान टोकाला जाऊन वळून उभं राहिलं. मागून येणाऱ्या पॅन अ‍ॅमला ‘डावीकडच्या तिसऱ्या रस्त्याने बाहेर पड’ असं सांगितलं होतं. कंट्रोलरच्या उच्चारामुळे ‘थर्ड’ की ‘फर्स्ट’ असा घोळ झाला. वैमानिकांनी पुन्हा विचारलं, त्याने ‘वन, टू, थ्री’ असं मोजून सांगितलं. पण रस्त्यांवर पाट्या नव्हत्या, आणि तिसऱ्या रस्त्याला जंबोसारख्या धुडाला जवळजवळ उलटं वळावं लागलं असतं. ते चौथ्याकडे निघाले.

इकडे केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगण्यात आला. मार्गाची परवानगी वेगळी आणि उड्डाणाची वेगळी. पण सांगताना त्यात ‘टेकऑफ’ हा शब्द आला. कॅप्टनची ड्युटीची मर्यादा भरत आली होती, त्याने विमान सोडलं. सहवैमानिक रेडिओवर म्हणाला, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ.’ कंट्रोलरला वाटलं, उड्डाणाच्या जागी तयार उभे आहेत. प्रत्यक्षात विमान धावू लागलं होतं.

आपल्याकडे मित्राला फोन केला की तो म्हणतो, ‘निघालोय रे.’ तो टॉवेलवर आहे, जिन्यात आहे की एसटीत बसलाय, काहीही असू शकतं! तसलाच हा प्रकार. डच भाषेतली वाक्यरचना इंग्रजीत उतरल्यामुळे असं झालं असावं, असं काही भाषातज्ज्ञांचं मत आहे.

कंट्रोलरने उत्तर दिलं, ‘ओके’. मग क्षणभर थांबून, ‘थांबा, मी सांगतो.’ त्याच वेळी पॅन अ‍ॅमचा वैमानिकही घाईने बोलला, की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन कॅरियर एकमेकांवर आल्या. त्यांच्या फ्रिक्वेन्सी कधीच तंतोतंत सारख्या नसतात. फरक एक किलोहर्ट्झचा असेल तर डिटेक्टरमधून एक किलोहर्ट्झची शिट्टी बाहेर पडते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट ऐकू गेलं ते फक्त ‘ओके’. पुढे सुमारे चार सेकंद कर्कश आवाज. दोन्ही इशारे त्यात बुडाले.

तरी एक संधी उरली होती. पॅन अ‍ॅम ‘धावपट्टी मोकळी झाली की कळवतो’ म्हणाल्याचं केएलएमच्या फ्लाइट इंजिनियरने ऐकलं आणि विचारलं, ‘तो अजून बाहेर पडला नाही का?’ कंपनीतल्या अत्यंत ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे ‘पडलाय’ म्हटल्यावर तो गप्प बसला. काही सेकंदांत टक्कर झाली. केएलएममधले सर्व २४८ आणि पॅन अ‍ॅममधले ३३५, एकूण ५८३ माणसं गेली. पॅन अ‍ॅममधले ६१ जण वाचले.

घटना दुसरी : मिलान, ८ ऑक्टोबर २००१

इटलीतल्या लिनाते विमानतळावर दाट धुकं होतं. एका छोट्या सेसना जेटला ‘उत्तरेकडे, रोमिओ ५ वरून’ जायला सांगितलं. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवली, पण त्यात ‘उत्तरेकडे’ हा शब्द नव्हता. तो कंट्रोलरने धरला नाही. विमान वळलं रोमिओ ६ वर, जो मुख्य धावपट्टीला छेदत होता. वाटेत वैमानिकाने ‘सिएरा ४’ या खुणेजवळ आल्याचं सांगितलं. ही खूण जमिनीवर रंगवलेली होती, पण नकाशात नव्हती, त्यामुळे कंट्रोलरला विमान नेमकं कुठे आहे हे उमगलंच नाही. जुनं ग्राउंड रडार बंद झालं होतं आणि नवं सुरू व्हायचं होतं. उड्डाण करणारं एमडी-८७ विमान सेसनावर आदळून सामानाच्या इमारतीत घुसलं. ११८ मृत्यू.

घटना तिसरी : टोकियो, २ जानेवारी २०२४

‘हे सगळं जुनं झालं, आता तंत्रज्ञान सुधारलंय’ असं कोणी म्हणेल, त्यांच्यासाठी ही घटना. हानेडा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणाऱ्या तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन, सी-५ च्या थांब्यापर्यंत या’ असं सांगितलं. ‘नंबर वन’ म्हणजे रांगेत पहिला. सूचना बरोबर परत म्हटली गेली, तरीही कॅप्टनची समजूत झाली की धावपट्टीवर जायला परवानगी मिळाली. विमान सुमारे ४० सेकंद धावपट्टीवर उभं होतं. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा देण्याची सोय होती, पण ती लक्षात आली नाही. उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए-३५० त्यावर आदळलं. ए-३५० मधले ३७९ जण सुखरूप बाहेर पडले, तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला.

मग उपाय काय केले?

१) टेनेरिफनंतर ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा असा दंडक झाला. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.
२) धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं किंवा तिच्या अलीकडे थांबणं, या सूचना धावपट्टीच्या क्रमांकासह परत म्हणायच्याच. नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. ‘रॉजर’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच, ‘करतो’ नव्हे.
३) कंट्रोलरनेही ते परत म्हणणं कान देऊन ऐकायचं. हे काम निम्मं त्याचं आहे.
४) धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची रांग, ठळक पाट्या आणि जमिनीवरचं रडार.
५) कॉकपिटमध्ये कनिष्ठाने शंका ठामपणे बोलायची आणि वरिष्ठाने ती ऐकायची, याचं रीतसर प्रशिक्षण.

हानेडानंतर जपानमध्ये ‘नंबर वन’सारखे रांगेतले क्रमांक सांगणंही काही काळ थांबवलं होतं.

आपल्याला काय?

उद्या तुम्ही सबस्टेशनवर, साइटवर किंवा प्लांटमध्ये वॉकीटॉकी घेऊन उभे असाल. आपल्या मराठीची एक गोष्ट तेव्हा लक्षात ठेवा. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘ब्रेकर चालू करू नको’ म्हणताना बटण जरा लवकर सुटलं, तर पलीकडे पोचतं ‘ब्रेकर चालू करू’. अर्थ उलटा, आणि लाइनवर माणूस! म्हणून ‘थांब’ म्हणा. ‘ब्रेकर बंदच ठेव’ म्हणा. ‘तो’, ‘तिकडचा’, ‘मघाचा’ सोडून नंबर सांगा आणि समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्या. फोनवर आपण ‘हं, हं’ करतो ते ‘ऐकतोय’ या अर्थी, पण समोरचा ते ‘मान्य’ समजतो. तिथे पूर्ण वाक्य बोला.

आणि सर किंवा सिनियर कितीही अनुभवी असोत, शंका आली तर विचारा. एकदा विचारून समाधान झालं नाही तर काम थांबवून पुन्हा विचारा. त्या फ्लाइट इंजिनियरची शंका बरोबर होती. ती दुसऱ्यांदा विचारली गेली नाही, एवढंच.