फ्लशची वाट महाग पडते

प्रश्न : मी लंडनमध्ये राहतो. ऑनलाइन पोकर वर्षभर दोन-पाच सेंटच्या टेबलावर खेळतोय, पण पैसे जातातच. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा कॉल करण्याची घाई. समजा, टर्नवर फ्लशला एकच पत्ता हवाय. पॉटमध्ये ६० सेंट आहेत, समोरच्याने ३० लावले. कॉल परवडायला २५ टक्के वेळा जिंकायला हवं. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत तुमच्या कामाचे ९, म्हणजे जेमतेम २० टक्के. पुढे आणखी रक्कम निघण्याची खात्री नसेल, तर पत्ते टाका. असे दोन हात रोज, खेळायला बसण्याआधी, वहीत सोडवा. मला याहून चांगला अभ्यास माहीत नाही. शिवाय खेळासाठी किमान तीस बाय-इन, म्हणजे दीडशे डॉलर, वेगळे ठेवा. भारतात सुट्टीला आलात तर मात्र खेळू नका. इथे २०२५च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आहे.